रोमेल आमच्या हॉलमध्ये राहायला आलाय

"सप्रेम नमस्कार. आम्ही नौपाड्यात राहतो. मूळ गाव महाडजवळ. घरी मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासरे. सासरे रेल्वेतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की आप्पा टीव्हीसमोर बसतात ते दिवेलागणीपर्यंत. मालिका नाहीत, क्रिकेट नाही. फक्त महायुद्ध. रणगाडे, पाणबुड्या, हिटलर. आवाज एवढा की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, 'आज कुठे हल्ला?' मुलगा शाळेतून आला की दप्तर फेकून आजोबांच्या शेजारी. टायगर रणगाड्याच्या चिलखताची जाडी त्याला पाठ आहे आणि सहामाहीला इतिहासात तेरा मार्क आहेत. गेल्या महिन्यात 'माझा आवडता वीर' या निबंधात त्याने रोमेल नावाच्या जर्मन सेनापतीवर दोन पानं लिहिली. बाईंनी मला बोलावून घेतलं. वर्गात तो हात पुढे करून हिटलरचा सलामही करून दाखवतो म्हणे. नवरा म्हणतो, 'इतिहासच बघतायत, निदान सासू-सुनांची भांडणं तर नाहीत.' मला वाटतं, पॅक बदलावा आणि ते चॅनलच काढून टाकावं. पण आप्पांना दुसरं आहे काय? त्यांचे वडीलही मोठ्या लढाईत इटलीला जाऊन आले होते असं सासूबाई सांगायच्या. आप्पा त्यावर चकार शब्द बोलत नाहीत. या कार्यक्रमांत खरंच काही अर्थ असतो, की नुसतं धडाम-धुडूम? — एक सून, ठाणे"

ताई,

चॅनल काढू नका. त्याआधी आप्पांचे कान तपासून घ्या. खालच्या मजल्यापर्यंत महायुद्ध पोचतंय, तेव्हा तिथे काहीतरी गडबड असणार. चौऱ्याहत्तरीतल्या माणसाला कमी ऐकू यायला लागलं यात नवल नाही. अशी माणसं हळूहळू गप्पांतून अंग काढून घेतात आणि टीव्हीजवळ सरकतात, कारण टीव्ही 'काय म्हणालात?' ऐकून वैतागत नाही. त्याचा आवाज वाढवला की भागतं. तुम्हाला वाटतंय आप्पांना युद्धाचं वेड लागलंय; त्यातलं निम्मं वेड कानाच्या डॉक्टरकडे सुटेल अशी माझी शंका आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. अर्थ असतो का? असतो. धडाम-धुडूमही असतं. पंचाईत अशी की दोन्ही एकाच तासात, एकाच आवाजात येतात.

या विषयात बोलायचा मला थोडा अधिकार आहे आणि थोडी लाजही वाटते. हे सदर हाती घेण्याआधी सात-आठ वर्षं मी डबिंगच्या स्क्रिप्ट लिहायचे. बाहेरून माहितीपट यायचे, त्यांचं निवेदन मराठीत, कधी हिंदीत करायचं. सकाळी सानपाड्याहून गाडी, कुर्ल्याला बदल, दादरला बदल, अंधेरीला उतरून रिक्षा, आणि मग दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत दुसरं महायुद्ध. पैसे मिनिटावर मिळायचे, त्यामुळे युद्ध जितकं लांबेल तितकं बरं, हा आमचा चहाच्या वेळचा विनोद.

डबिंगला फिल्म येते तेव्हा तिच्यासोबत एक वेगळा ट्रॅक येतो. धंद्यात त्याला 'एम अँड ई' म्हणतात. मूळ निवेदकाचा आवाज त्यातून वजा केलेला असतो, राहतं नुसतं संगीत आणि इफेक्ट. तो लावून मी पहिल्यांदा युद्धाचा माहितीपट बघितला तेव्हा चक्रावलेच. चित्र स्वतःहून जवळजवळ काही सांगत नव्हतं. काही माणसं पळतायत. एक रणगाडा डावीकडून उजवीकडे जातोय. धूर. पडलेला घोडा. गाव कुठलं, साल कुठलं, जिंकतंय कोण, कशाचा पत्ता नाही. ते सगळं मी सांगायचे. माझ्या वाक्यानं तीच माणसं शूर व्हायची नाहीतर भेदरलेली व्हायची. एकदा मूळ इंग्रजीत 'माघार' होतं आणि माझ्या मराठीत ते 'पळापळ' झालं, कारण सेकंद कमी पडत होते. तो भाग नंतर किती घरांत लागला असेल, देव जाणे.

आणखी एक प्रकार सांगते. डोक्याला पट्टी बांधलेला एक सैनिक पडक्या भिंतीआडून पळत जातो आणि मध्येच वळून कॅमेऱ्याकडे बघतो. खालचा ओठ फुटलेला. पहिल्यांदा तो मला भेटला तेव्हा स्टालिनग्राडला होता. चार महिन्यांनी दुसऱ्याच मालिकेत तोच माणूस, तीच भिंत, तोच ओठ, आणि गाव बर्लिन. मी स्टुडिओतल्या सुपरवायझरला दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, लिप-सिंक आहे का त्यात? नाही ना? मग पुढे चला."

आम्ही पुढे गेलो.

तेव्हा तुमच्या घरासाठी पहिला उपाय अगदी फुकटातला आहे. येत्या रविवारी आप्पा आणि नातू दोघं बसलेले असताना दहा मिनिटं टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायला लावा. खेळ म्हणून. प्रत्येकानं फक्त डोळ्यांना दिसतंय तेवढंच सांगायचं. मग आवाज सुरू करायचा आणि निवेदकानं त्यात आपलं काय काय घातलं ते मोजायचं. पोरगं हुशार आहे, तिसऱ्या मिनिटाला त्याला गंमत कळेल. आणखी एक सांगून ठेवा त्याला: त्या काळी रणांगणावर घेतलेलं बहुतेक चित्रण मुकं होतं. बरेचसे कॅमेरे किल्ली देऊन चालवायचे, आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन खंदकातून पळणं कोणाला शक्य नव्हतं. म्हणजे खालच्या काकूंना ऐकू येणारे तोफांचे आवाज बहुतेक सगळे नंतर स्टुडिओत भरलेले आहेत.

आता नुसता निवेदकच लबाड आणि चित्र तेवढं साधंभोळं, असंही नाही. चित्रालाही कोणीतरी उभं केलेलं असतं. पहिल्या महायुद्धात १९१६ साली फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईवर ब्रिटिशांनी एक मोठा चित्रपट काढला आणि तो लढाई चालू असतानाच थिएटरांत लावला. त्यात खंदकातून वर चढणारे सैनिक आहेत, एक जण चढता चढता घसरून खाली येतो. हे दृश्य आजही दर दोन माहितीपटांत एकदा दिसतं. ते आघाडीच्या मागे, सराव चालायचा तिथे वठवलेलं आहे. पण त्याच चित्रपटात १ जुलै १९१६ च्या सकाळी हॉथॉर्न टेकडीखाली उडवलेला सुरुंग आहे, तो खरा. पाठुंगळी मारून आणलेला जखमी आहे, तोही खरा. एकाच रिळात खरं आणि वठवलेलं असं शेजारी शेजारी. स्टालिनग्राडभोवती वेढा घालून रशियाच्या दोन फौजा नोव्हेंबर १९४२ मध्ये एकमेकींना भेटल्या, मिठ्या मारल्या. ते पडद्यावर दिसतं ते कॅमेऱ्यासाठी नंतर पुन्हा केलेलं. भेट झाली होती हे खरंच आहे. मिठी तेवढी दुसऱ्यांदा मारलेली.

हे सगळं मी रोमेलकडे यायला सांगतेय.

जर्मन सैन्यासोबत प्रचाराच्या खास तुकड्या असायच्या. त्यात लिहिणारे, फोटो काढणारे, फिल्म घेणारे, सगळे गणवेशात. त्यांनी घेतलेलं चित्रण बर्लिनला जायचं आणि हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याच्या हाताखालून निघून दर आठवड्याच्या वृत्तपटात लागायचं. युद्ध संपल्यावर ही रिळं जेत्यांच्या हाती आली आणि जगभरचे माहितीपटवाले आजतागायत त्यातूनच तुकडे कापत आलेत. म्हणून पडद्यावर जर्मन सैन्य नेहमी पुढेच जात असतं. बूट चकचकीत, चेहरे धुतलेले, सेनापती खालच्या कोनातून घेतलेला, नजर क्षितिजावर. रोमेलला तर स्वतःलाच कॅमेऱ्याचं वेड होतं. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर एका प्रचारपटासाठी नदी ओलांडण्याचा प्रसंग पुन्हा करून दाखवायचं ठरलं, त्यात तो हौसेनं सामील झाला होता. त्याच्या टोपीवरचा तो सुप्रसिद्ध गॉगल तर ब्रिटिशांचा, हाती लागलेल्या मालातला. बरं, ब्रिटिशांनाही हा रोमेल सोयीचाच पडला. हरलो, पण निदान जादूगाराकडून हरलो, असं म्हणता येतं.

म्हणजे बघा ताई, ते चित्रण बघणाऱ्याला जे वाटावं म्हणून ऐंशी वर्षांपूर्वी केलं होतं, तेच तुमच्या मुलाला वाटलं आणि त्यानं ते दोन पानांत लिहिलं. मुलगा बिघडलेला नाही. जाहिरात चांगली होती.

त्याला ओरडून काही होणार नाही. त्याला विचारा, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रोमेलसमोर कोण उभं होतं? १ जुलै १९४२ ला तो इजिप्तमधल्या अल अलामीनच्या फळीवर येऊन धडकला, तेव्हा दैर अल शैन नावाच्या खोलगट जागेत १८ वी भारतीय ब्रिगेड होती. तिनं जवळजवळ दिवसभर त्याला अडकवून ठेवलं. संध्याकाळपर्यंत ती ब्रिगेड उरली नव्हती, पण मागच्यांना फळी सावरायला तेवढा दिवस मिळाला. हे त्याच्या कुठल्या भागात आलंय का विचारा. मी शब्द दिले त्या स्क्रिप्टांमध्ये एकदाही आलं नव्हतं. आणि रणगाड्यांचंच बोलायचं असेल तर त्याला म्हणावं, टायगरच्या पुढच्या चिलखताची जाडी १०० मिलिमीटर हे पाठ आहे, मग हेही पाठ कर: टायगरच्या पहिल्या मॉडेलचे नग झाले साडेतेराशेच्या आसपास, अमेरिकेनं शेरमन रणगाडे काढले जवळजवळ पन्नास हजार. 'दहा सर्वांत घातक रणगाडे' छापाचे जे कार्यक्रम असतात ते त्यानं खुशाल बघावेत. पण ते मोटारींचं मासिक झालं, इतिहास वेगळा.

सलामाची गोष्ट मात्र वेगळी, ती हसण्यावारी नेऊ नका. जर्मनीत आज भर रस्त्यात तो सलाम केला तर गुन्हा दाखल होतो. हे त्याला सरळ सांगा आणि का होतो तेही सांगा. छळछावण्यांचं चित्रण बारा वर्षांच्या मुलाला दाखवू नये असं माझं मत आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, शेजारी मोठं माणूस बसलेलं असताना, मग बघू दे. पण दाखवायचं नाही म्हणजे सांगायचंही नाही असं नव्हे. बाराव्या वर्षी शब्द पुरतात. साठ लाख ज्यू मारले, त्यात त्याच्या वर्गातल्या मुलांएवढी मुलं होती, आणि मारणाऱ्यांचा सलाम हा होता. बस्स.

इथं एक धोका आहे आणि तो मी स्वतः भोगलाय. आवाज बंद करायचा खेळ फार खेळला की माणूस सगळंच खोटं मानायला लागतो. डबिंगच्या शेवटच्या वर्षात माझं तसं झालं होतं, कुठलंही दृश्य लागलं की मी म्हणायचे, "हेही वठवलेलंच असणार." मग एका कामात बेर्गेन-बेल्सन या जर्मन छळछावणीचं चित्रण आलं. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य त्या छावणीत शिरलं, तेव्हा त्यांच्या कॅमेरामननी काय बघितलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण त्या चित्रणात ठिकठिकाणी कॅमेरा न कापता सावकाश फिरत राहतो. खड्डा, त्यातली माणसं, खड्ड्याच्या काठावर उभे केलेले पहारेकरी, बघायला आणलेले जवळपासचे जर्मन अधिकारी, सगळं एकाच शॉटमध्ये. उद्या कोणी म्हणू नये की इकडचं तिकडचं जोडलंय. छावण्यांमधलं असं चित्रण २९ नोव्हेंबर १९४५ ला नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून आरोपींसमोर लावलं गेलं. बेल्सनचं चित्रण माझ्यासमोर आलं त्या दिवशी मी निवेदनाची चार वाक्यं खोडली. तिथं बोलायची गरज नव्हती.

हे माहितीपट बघावेत का, याचं माझं उत्तर त्या शॉटमध्ये आहे. कॅमेरा कोणाच्या हातात होता आणि त्याला कशाची भीती होती, एवढं कळलं की कुठलाही भाग बघायला हरकत नाही.

चांगलं काय, असं विचाराल तर एक नाव देते. 'द वर्ल्ड ॲट वॉर', ब्रिटिश मालिका, १९७३-७४ ची, २६ भागांची. लॉरेन्स ऑलिव्हिए या नटाचं निवेदन आहे, आणि तो जिथे गप्प बसतो तिथे त्याला मानलं पाहिजे. सुरुवात कुठल्या लढाईनं होत नाही, फ्रान्समधल्या ओरादूर नावाच्या एका रिकाम्या गावापासून होते. १० जून १९४४ ला जर्मन सैनिकांनी तिथे ६४३ माणसं मारली आणि गाव जाळलं. नंतर ते तसंच ठेवलं. युद्ध संपून तीस वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे सेनापतींपासून खलाशांपर्यंत आणि स्वयंपाकघरात रेशन मोजणाऱ्या बायकांपर्यंत सगळे बोलायला हयात होते. नट उभे करून 'नाट्यरूपांतर' केलेलं नाही. आता हल्ली एक पद्धत पडलीय, चार माणसांना हेल्मेट घालून झाडीत पळवायचं आणि वर स्लो मोशन. ते लागलं की आप्पांना चहा आणून द्या, काही चुकणार नाही.

पण या चांगल्या मालिकेचीही एक गंमत आहे. ब्रिटिशांनी जर्मनांचे गुप्त संदेश फोडले होते ही गोष्ट १९७४ पर्यंत सरकारी गुपित होती. त्यामुळे अटलांटिकमधल्या पाणबुड्यांवरचा भाग बघाल तर त्यात या एवढ्या मोठ्या कारणाचा मागमूस नाही. कोणी लपवलं नाही. करणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं. आणि त्यात हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर बोलायला बसलाय, सुटाबुटातला, सभ्य, पश्चात्ताप झालेला. ज्यूंच्या कत्तलीची आपल्याला कल्पना नव्हती, हे त्याचं आयुष्यभराचं पालुपद. २००७ मध्ये त्याचं १९७१ चं एक पत्र उजेडात आलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझेन शहरात हिटलरच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर यानं सगळे ज्यू मारले जाणार हे उघड सांगितलं, त्या भाषणाला आपण हजर होतो, असं त्यात त्यानं स्वतः लिहिलंय. म्हणजे साक्षीदार समोर बसला म्हणून तो खरं बोलतो असंही नाही.

म्हणून दुधाच्या पिशवीवरची तारीख बघता तशी माहितीपटाची तारीख बघायची सवय लावा. अगदी शेवटी, नावं सरकतात तिथे, जुन्या ब्रिटिश कार्यक्रमांवर साल रोमन आकड्यांत असतं आणि ते दीड सेकंद दिसतं. एमसीएमएलएक्सएक्सआयआयआय. मुलाला सांगा, हे वाचून दाखव तर खरं. १९७३ ओळखलं की दुसरा प्रश्न: यांना तेव्हा काय माहीत नसेल? इतिहासाच्या तेरा मार्कांवर याहून चांगला क्लास मला तरी माहीत नाही.

आपल्याकडच्या युद्धांवरच्या कार्यक्रमांबद्दल फार लिहीत नाही. कारगिलमधल्या जवानांच्या, ७१ च्या नौसैनिकांच्या मुलाखती असतात त्या मन लावून बघाव्यात. त्यावर घातलेलं पार्श्वसंगीत सहन करावं.

टीव्हीला आणखी एक खोड आहे, तिच्याबद्दल मात्र बोलायला हवं. ज्या युद्धाचं फूटेज आहे तेवढंच युद्ध टीव्हीच्या लेखी झालेलं असतं. सोव्हिएत संघाची दोन कोटी सत्तर लाख माणसं गेली, चीनची कोटीच्या पुढे गेली, ती तासाभरात चार मिनिटं येतात. ब्रिटिशांच्या बाजूनं २५ लाख हिंदी सैनिक लढले ते बहुधा पगडी बांधलेला एक शिपाई चहा पितोय एवढ्यावर आटोपतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसं मेली, तो तर 'युद्ध' या खात्यातच पडत नाही. आणि कॅमेराच नव्हता त्या लढायांचं काय? तुमच्या घरापासून रिक्षानं थोड्याच अंतरावर ठाण्याचं सेंट्रल जेल आहे. त्याची तटबंदी पोर्तुगीजांच्या किल्ल्याची. तो पुरता बांधून होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, मग १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफा लावून घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टीसकट त्यांच्याकडेच राहिला. एक सेकंदाचं चित्रण नाही. तरी हे आपल्याला कळलं कसं? पोराला एखाद्या शनिवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा. १८९३ पासून ते ठाण्यात आहे, आणि पत्रं, बखरी म्हणजे काय हे तिथं हातात घेऊन बघता येतं.

आता तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. आप्पांचे वडील इटलीला जाऊन आले.

इटलीच्या मोहिमेवरचा कुठलाही भाग लावा. अमेरिकन असतील, अँझिओचा किनारा असेल, मॉन्टे कॅसिनोचा मठ, मग रोम. तिथे तीन भारतीय डिव्हिजन होत्या, चौथी, आठवी आणि दहावी. पन्नास हजारांच्या आसपास माणसं. इटलीत भारतीय सैनिकांना सहा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांची सर्वोच्च शौर्यपदकं, मिळाले, त्यांतले दोन मराठी माणसांना. नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. एप्रिल १९४५, सेनिओ नदी. आणि त्याआधीचे यशवंत घाडगे, तुमच्या महाडच्या अलीकडचे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले. ते एकटे त्या गनवर धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमीगननं एकाला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांवर बंदुकीचा दस्ता चालवला. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलंय, माणगावात पुतळा आहे. महाडला जाता-येता तुमची गाडी माणगावातून गेली असणार, बहुधा वडापावसाठी थांबलीही असणार.

रोमेलचं पोस्टर काढून तिथं घाडग्यांचं लावा, असं मी म्हणत नाहीये. मुलाच्या बाईंशी मात्र बोला. शिक्षा म्हणून नको, पण निबंध पुन्हा लिहायची संधी मिळाली तर विषय असा मागा: माझे पणजोबा इटलीत काय करत होते? दोन पानं भरणार नाहीत. भरू नयेत. कुठली पलटण, कुठलं साल, हे शोधताना जी चार वाक्यं खात्रीची सापडतील तेवढीच लिहायची.

आणि ती सापडण्याचा रस्ता आप्पांमधूनच जातो. इथं जरा दमानं घ्या. 'आप्पा, तुमचे वडील युद्धात होते ना, सांगा ना' असं समोर बसून विचारलंत तर ते रिमोट उचलतील. ज्या घरात वडील बोलले नाहीत, तिथं मुलालाही बोलायची सवय नसते. तुम्ही फक्त एक करा. इटलीचा भाग लागेल तेव्हा आप्पा कसे बसतात ते बघून ठेवा. टेकून बसलेले असतात की पुढे सरकतात. माझा काहीएक अंदाज आहे, तो चुकीचाही असेल, म्हणून लिहीत नाही.

गावच्या घरी एखादी पत्र्याची ट्रंक असेल तर ती उघडायचं निमित्त काढा. कागदपत्रं, घरपट्टी, काहीही. त्यात सहा टोकांचा पितळी दिसणारा तारा आणि त्याला लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल फीत असेल, तर तो इटली स्टार. रंग इटलीच्या झेंड्याचे. फीत सुटून गेली असेल तर ताऱ्यावर पदकाचं नाव इंग्रजीत असतंच. तो पुसूबिसू नका, ब्रासो तर मुळीच लावू नका. तसाच नातवाच्या हातात द्या आणि आप्पांसमोर त्याला विचारू द्या, "हे काय आहे?" नातवाचं पहिलं 'का' आजोबांना टाळता येत नाही, सुनेचं येतं. पलटणीचं नाव कळलं आणि ती मराठा लाइट इन्फन्ट्री निघाली, तर तिचं केंद्र बेळगावला आहे, तिथे लिहून विचारता येतं. आप्पा रेल्वेतले, दिवा-सावंतवाडी गाडी माणगावला किती वाजता लागते हे ते झोपेतही सांगतील. मे महिन्यात तिघांना त्या गाडीत बसवून द्या. तुम्ही नाही गेलात तरी चालेल, चार दिवस घर शांत मिळेल.

नवऱ्याला सांगा, सासू-सुनांच्या मालिकांवर एवढा राग नको. त्यात निदान कोण नट आहे हे खाली लिहिलेलं असतं.

तोवर आवाजाचं बघा. कानांचा रिपोर्ट येईपर्यंत हेडफोन आणा. ब्लूटूथचे नकोत, आप्पा चार्ज करायला विसरतील. लांब वायरचे घ्या. एका टीव्हीला दोन हेडफोन लागतील अशी छोटी पिन मिळते, गोखले रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत विचारा. एक आप्पांना, एक नातवाला. मात्र रविवारच्या त्या दहा मिनिटांना दोघांनीही काढून ठेवायचे.